ओला-सुका : माप एकच हवे

पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसे. शेर, पायली, मण ही नावे सर्वत्र तीच. परंतु त्या नावांखाली मोजले जाणारे धान्य मात्र मुलखामुलखांत निराळे. मुंबईचा मण अवघा २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. नावाचे साम्य आणि मापाचा फरक यांच्या फटीत नाडला जाई तो शेतकरी आणि सामान्य गिऱ्हाईक. जाणत्या व्यापाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नसे. १९५६ साली प्रमाण वजने व मापे यांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढील काही वर्षांत किलोग्रॅम व लिटर यांनी शेर-पायलीची जागा घेतली. त्या काळी कुरकुर पुष्कळ झाली. 'नव्या पैशां'चा हिशेब जमत नाही, अशी तक्रार घरोघरी होती. ती कुरकुर आज कोणास आठवतही नाही, कारण मापाच्या एकवाक्यतेचा लाभ प्रत्येकास रोजच्या रोज मिळत गेला.

घरातील कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपण अद्याप शेर-पायलीच्याच युगात आहोत. 'ओला कचरा' आणि 'सुका कचरा' हे शब्द आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही पाठ आहेत. परंतु ओल्यात नेमके काय घालावयाचे, सुक्यात काय घालावयाचे आणि जे या दोहोंतही बसत नाही त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर शहर बदलले की बदलते. कित्येकदा वॉर्ड बदलला, सफाई कर्मचारी बदलला तरी बदलते. सरकारी नोकर, शिक्षक, बँकेतील कारकून अशा बदलीच्या नोकरीतील मंडळींना हा अनुभव नवा नाही. नव्या गावी शिधापत्रिका आणि मुलांचा शाळाप्रवेश यांच्या जोडीस कचऱ्याचे व्याकरणही नव्याने शिकावे लागते, आणि ते शिकविणारे पुस्तक बहुधा कोठेच उपलब्ध नसते.

दोन तपे आणि तीन नियमावल्या

नियमच नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या प्रकरणात नेमलेल्या बर्मन समितीने १९९९ साली अहवाल दिला आणि त्यातून २००० साली देशातील पहिली नागरी घनकचरा नियमावली जन्मास आली. ८ एप्रिल २०१६ रोजी तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन प्रकार करणे हे या नियमावलीने प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य ठरविले. २०२६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तिसरी नियमावली अधिसूचित केली. तिच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली आणि प्रकार चार झाले : ओला, सुका, स्वच्छताविषयक (म्हणजे सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर इत्यादी) आणि विशेष काळजीचा (म्हणजे औषधे, दिवे, रंगाचे डबे, पाऱ्याचे तापमापक इत्यादी).

सुधारणा आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु या प्रवासात सामान्य गृहिणीस काय काय विसरावे आणि काय काय नव्याने शिकावे लागले, ते पाहण्यासारखे आहे. सार्वजनिक साठवणुकीच्या डब्यांसाठी २००० आणि २०१६ या दोन्ही नियमावल्यांनी हिरवा, पांढरा व काळा असे तीन रंग सांगितले होते. २०१७ च्या जागतिक पर्यावरणदिनी केंद्राच्याच दुसऱ्या खात्याने देशव्यापी मोहीम काढली ती हिरव्या आणि निळ्या डब्यांची. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावयाचे होते. २०२६ च्या नियमांनुसार त्यांचा डबा वेगळा. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ चे नियम सांगत. मुंबई महापालिकेने २०१७ साली अशी सक्ती केली ती वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांवर. यांपैकी प्रत्येक निर्णयामागे काही कारण असेलही. परंतु ज्याने हे सारे पाळावयाचे, त्यास एकामागून एक येणारी फर्माने तेवढी दिसतात. त्यामागील कारण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवीत नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. पहिल्या नियमावलीस आता दोन तपे उलटून गेली. आपल्या उकिरड्यांचे पांग काही फिटलेले नाहीत.

शब्दच फसवे

गोंधळाचे एक मूळ खुद्द शब्दांतच आहे, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. मराठीत 'ओले' म्हणजे पाण्याने भिजलेले व 'सुके' म्हणजे कोरडे. हा अर्थ प्रमाण मानणाऱ्या कोणाही शहाण्या माणसाने वाळलेला पालापाचोळा सुक्यात आणि दुधाची ओथंबलेली पिशवी ओल्यात टाकली, तर भाषेच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकले नाही. नियमाच्या दृष्टीने मात्र त्याने दोन्ही डबे बिघडविले; कारण नियमास अभिप्रेत असलेली कसोटी ओलाव्याची नाही, ती कुजण्याची आहे. पाचोळा कितीही वाळला तरी त्याचे खत होते. पिशवी कितीही भिजली तरी होत नाही. ज्या समाजास शेणखताची आणि परसातील खड्ड्याची शतकानुशतके ओळख आहे, त्यास 'कुजणारा' आणि 'न कुजणारा' हे शब्द समजावून सांगावे लागले नसते. असे असता, इंग्रजीतील दोन सुटसुटीत शब्दांचे भाषांतर आपण डब्यांवर रंगविले आणि चांगली नांदती कसोटी घालवून बसलो.

शब्दांचा घोटाळा सुटला तरी वस्तूंचा उरतोच. नारळाची करवंटी कुजणारी खरी, परंतु खताच्या खड्ड्यात ती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि यंत्रात गेली तर यंत्र अडवते. तिला काही ठिकाणी ओल्यात घेतात, काही ठिकाणी नाकारतात. शहाळ्याची तीच गत. मटणाची हाडे, अंड्यांची टरफले, आंब्याच्या कोयी यांबाबत एकमत नाही. देवाचे निर्माल्य कचऱ्यात टाकण्यास मन धजत नाही. काही शहरांत त्यासाठी निराळा कलश असतो, काही ठिकाणी नसतो. पत्रावळ पानांची असेल तर एका डब्यात. पण तिच्यावर चकाकता मुलामा असेल तर दुसऱ्या. तेलाने माखलेला खोका कागदाचा असूनही कागद म्हणून कोणी घेत नाही. फुटलेल्या काचेचा पेला, संपलेली बॅटरी, मुदत उलटलेल्या गोळ्या, झाडून काढलेला केर आणि त्यातील केस, यांचे काय करावयाचे, हे विचारावयाचे कोणास? घंटागाडी दारात उभी राहते ती मिनिटभर; एवढ्या वेळात शंकासमाधान होत नाही.

अनिश्चिततेची किंमत

अर्थशास्त्राच्या वर्गात बाह्य परिणामांचे प्रकरण शिकविताना कचऱ्याइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही. कचरा वेगळा करण्याचे कष्ट एका घराने घ्यावयाचे, परंतु त्याचा लाभ सर्व शहरास मिळावयाचा. खासगी खर्च निश्चित व आजचा. सामाजिक लाभ विखुरलेला व उद्याचा. असे कर्तव्य माणसाकडून करवून घ्यावयाचे असेल तर ते होता होईल तो सोपे केले पाहिजे. आपण केले ते नेमके उलट. कष्टाच्या खर्चात माहिती मिळविण्याच्या खर्चाची भर घातली. दहापैकी आठ वस्तूंबाबत ज्यास खात्री असते तो उरलेल्या दोन वस्तूंपाशी अडखळतो, आणि दररोज अडखळणारा माणूस काही दिवसांनी नाद सोडून देतो.

दुसरी गोष्ट अशी, की वेगळा केलेला कचरा हा मूल्य असलेला माल असतो आणि मिसळलेला कचरा हा केवळ बोजा असतो. कोरडा कागद, स्वच्छ प्लॅस्टिक, काच, पत्रा यांना भंगारबाजारात भाव आहे. त्याच कागदावर आमटी सांडली की त्याचा भाव जातो; त्याच प्लॅस्टिकमध्ये भाजीचा चोथा कुजला की ते धुण्याचा खर्च किमतीहून अधिक होतो. उलट, खतात काचेचे चार तुकडे सापडले की शेतकरी ते खत फुकटही नेत नाही. म्हणजे एका घराची चूक शेजारच्या नऊ घरांचे श्रमही वाया घालविते. जेथे एकाच्या श्रमाचे मोल इतरांच्या वर्तनावर अवलंबून असते, तेथे सर्वांना ठाऊक असलेला आणि सर्वांस सारखा असलेला नियम हीच मोठी भांडवली गुंतवणूक ठरते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. घरात दोन डबे निगुतीने भरावेत आणि गाडीवाल्याने ते डोळ्यांदेखत एकाच हौद्यात रिते करावेत, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्यास पुढे कोणतीही प्रभातफेरी पटत नाही. नागरिक बेशिस्त आहेत, असा शेरा मारणे सोपे असते. परंतु आपल्या शिस्तीचा पुढे काही उपयोग होत नाही हे पाहिल्यावर शिस्त सोडणारा माणूस बेशिस्त नसून व्यवहारी असतो, हे प्रशासनाने ध्यानात घेतले पाहिजे.

या अनिश्चिततेची सर्वांत जबर किंमत मोजतात ते कचरावेचक. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सभासद घरोघर जाऊन कचरा गोळा करतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. नियम संदिग्ध असला की आपण डबा कोणता एवढाच विचार करतो. त्यांना मात्र तो कचरा उघड्या हातांनी निवडावा लागतो. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही मोहीम याच कष्टकऱ्यांच्या संस्थेने चालविली. ठिपका काढण्यास खर्च काहीच येत नाही. मात्र तो दिसताच निवडणाऱ्या बाईस ते पुडके उघडावे लागत नाही. चांगला नियम कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही. परंतु तो ठिपका पुण्यातील माणसास जितका परिचित आहे तितका राज्यातील सर्वच गावांना नाही, आणि खूण एका गावापुरतीच राहिली की तिचे निम्मे सामर्थ्य जाते.

याखेरीज कचराभूमीशेजारी राहणाऱ्यांचा प्रश्न उरतोच. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या मुंबईच्या देवनारला २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध वारंवार रस्त्यावर उतरावे लागले. कचऱ्याची सोय नाही म्हणून मुंबईत नवी बांधकामे करण्यास उच्च न्यायालयाने २०१६ साली मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती अटींवर सैल केली. स्वयंपाकघरातील दोन डब्यांचा प्रश्न किती दूरवर जाऊन पोहोचतो, हे यावरून दिसून येईल.

स्वायत्ततेचा आक्षेप

येथे एक आक्षेप उपस्थित होण्याचा संभव आहे. घनकचरा व्यवस्थापन हा विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविला आहे. महाराष्ट्रात २९ महानगरपालिका आहेत, शेकडो नगरपालिका व नगरपंचायती आहेत. कोकणातील पावसाळी गाव आणि मराठवाड्यातील कोरडे शहर यांना एकच साचा कसा लावावा? आक्षेप विचारार्ह आहे. वेंगुर्ले नगरपालिकेने कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण करून आपल्या कचराडेपोचे रूप पालटले आणि लोक तेथे मुद्दाम पाहावयास येऊ लागले. शेजारच्या गोव्यात पणजीने सुक्या कचऱ्याचे सोळा प्रकारांपर्यंत वर्गीकरण करण्याची व्यवस्था केली. असे प्रयोग वरून आलेल्या हुकुमाने होत नसतात. स्थानिक उत्साहानेच होतात.

परंतु एकवाक्यता कोठे हवी आणि स्वातंत्र्य कोठे हवे, यांत फरक केला की हा पेच सुटतो. उंबरठ्याच्या आत नियम एकच असावा. उंबरठ्याच्या बाहेर स्थानिक संस्थेस मोकळीक असावी. गोळा झालेल्या ओल्या कचऱ्याचे गांडूळखत करावयाचे की वायू, सुका कचरा किती प्रकारांत निवडावयाचा, काम संस्थेकडून करून घ्यावयाचे की ठेकेदाराकडून, हे ज्या त्या गावाने ठरवावे. परंतु करवंटी कोणत्या डब्यात, हे चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच असावे. किलोग्रॅम सर्वत्र एक झाला म्हणून गावोगावचे बाजार काही एकसारखे झाले नाहीत.

परदेशांतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक स्थानिक संस्था आहेत आणि प्रत्येकीचे डबे व नियम वर्षानुवर्षे निराळे होते. लोक गोंधळतात, हे मान्य करून तेथील सरकारने २०२१ च्या पर्यावरण कायद्याच्या आधारे सर्व घरांसाठी समान प्रकार ठरविले आणि ३१ मार्च २०२६ ही त्यासाठी मुदत घातली. शेजारच्या वेल्सने २०११ सालीच संकलनाचा एक सामाईक आराखडा पुढे ठेवला होता. वेल्समध्ये पुनर्वापराकडे जाणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेले, तर इंग्लंड चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या दरम्यान रेंगाळला. या यशाचे सारे श्रेय एकवाक्यतेस देणे योग्य होणार नाही. बंधनकारक उद्दिष्टांचाही त्यात वाटा आहे. डेन्मार्कने प्रत्येक प्रकारासाठी देशभर एकच चित्रखूण स्वीकारली आणि पुढे स्वीडननेही तीच पद्धत उचलली. जपानमधील कामिकात्सु या लहानशा गावी तर लोक कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार करतात. याचा अर्थ इतकाच, की माणसे प्रकारांच्या संख्येला भीत नाहीत. ती भितात अनिश्चिततेला.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीत पाच माणसे राहतात. तेथे चार डबे ठेवावयाचे कोठे? ज्या नियमाने मोठ्या सदनिकेतील माणूस सुजाण ठरतो आणि झोपडीतील माणूस गुन्हेगार, तो नियम न्याय्य म्हणता येणार नाही. यावर उपाय असा, की घरात दररोज लागणारे डबे दोनच असावेत. पॅड-डायपर लाल ठिपक्याच्या पुडक्यातून स्वतंत्रपणे गाडीत जावेत, आणि औषधे, दिवे, बॅटऱ्या यांसाठी वस्तीच्या नाक्यावर सामाईक पेटी असावी किंवा महिन्यातील एक ठराविक वार असावा. चार प्रकार पाळण्यासाठी घरात चार डबेच असले पाहिजेत, असे नाही.

काय करावयास हवे

राज्य शासनाने पुढील पाच गोष्टी केल्या तरी पुष्कळ काम होईल. पहिली, घरात आढळणाऱ्या दोन-तीनशे नित्याच्या वस्तूंची एकच अधिकृत यादी मराठीत प्रसिद्ध करावी. तीत कलमांची भाषा नसावी. करवंटी, कोय, पत्रावळ, दुधाची पिशवी, तुटका कंगवा अशी वस्तूंची नावे असावीत आणि प्रत्येकीपुढे डबा असावा. दुसरी, रंग व चित्रखुणा राज्यभर एकच ठरवाव्यात, म्हणजे ज्यास वाचता येत नाही त्यासही त्या कळतील आणि परप्रांतातून आलेल्या मजुरासही कळतील. यादीत बदल करावयाचा तर तो वर्षाकाठी एकदाच, पूर्वसूचना देऊन करावा. तिसरी, वेष्टन ज्या डब्यात जावयाचे त्याची खूण त्यावर छापण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापता येतो, तर ही खूण छापण्यास अडचण कसली? त्यासाठी केंद्राचा नियम लागेल, तर राज्याने तो मागावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेगळा दिलेला कचरा शेवटपर्यंत वेगळा राहील याची हमी स्थानिक संस्थेने लेखी द्यावी, गाड्यांना कप्पे करावेत, आणि हे होईपर्यंत नागरिकास दंड करू नये. सेवा न देता शिक्षा करणे, हा करार एकतर्फी मोडण्याचा प्रकार होय. पाचवी, यादी ठरविणाऱ्या समितीत अभियंते व अधिकारी यांच्या बरोबरीने कचरावेचकांचे प्रतिनिधी असावेत. कोणती वस्तू कोणत्या मालाची खराबी करते, हे त्यांच्याहून अधिक कोणासही ठाऊक नाही.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याकडून या कामी नेहमीच अपेक्षा केली जाते. चित्रकला स्पर्धा, निबंध, घोषणा हे सारे झाले आहे. परंतु जे शिकवावयाचे तेच निश्चित नसेल तर शिक्षकाने शिकवावयाचे काय? गणिताच्या पुस्तकात कोष्टके असत, म्हणून किलोग्रॅम आणि लिटर एका पिढीत रुजले. कचऱ्याचे एक कोष्टक तयार करा, ते पाठ्यपुस्तकात, शिधावाटप दुकानात, पालिकेच्या कर-बिलाच्या पाठीवर छापा. पुढचे काम शाळा चोख करतील.

शासनाच्या दृष्टीने ही मागणी खर्चिक नाही. त्यासाठी धरण बांधावयाचे नाही किंवा कारखाना उभारावयाचा नाही. एक निर्णय घ्यावयाचा आहे आणि तो चिकाटीने पाळावयाचा आहे. नागरिकाने सकाळी उठून कोणत्या डब्यात काय टाकावे, हे त्यास दोन ओळींत सांगता येत नसेल, तर दोष नागरिकाचा नव्हे. आधी माप ठरवा, ते सर्वांस सारखे लावा, आणि मग खुशाल तराजू धरून बसा.